नाव सापडलं म्हणजे कारण सापडलं असं नाही

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात स्वतःबद्दल तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही एकाच साच्यातली. "माझ्यात प्रेरणाच नाही, म्हणून अभ्यासाला बसवत नाही." "मी अंतर्मुख आहे, म्हणून तोंडी परीक्षेत गप्प होते." "माझा स्वभावच टेन्शन घेणारा, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही." पुढे व्यक्तिमत्त्वाचा प्रकार सांगणाऱ्या ऑनलाइन चाचणीतून मिळालेली चार अक्षरं लिहिलीस आणि विचारलंस की अशा स्वभावाच्या मुलीने मानसशास्त्र घ्यावं का.

तू हुशार आहेस, सगळं ठीक होईल वगैरे लिहिण्यात मी जागा घालवत नाही. पत्र वाचून जीव कळवळला हे खरं, पण त्याहून जास्त त्या तीन वाक्यांचा राग आला. तेव्हा आधी त्यांचाच समाचार घेऊ.

पहिलं वाक्य. प्रेरणा नाही हे कशावरून ठरवलंस? अभ्यासाला बसवत नाही यावरून. आणि अभ्यासाला का बसवत नाही? प्रेरणा नाही म्हणून. फिरून तिथेच आलीस. जे दिसलं त्यालाच दुसरं नाव दिलंस आणि ते नाव कारण म्हणून पुढे केलंस. नाव म्हणजे कारण नव्हे. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळलीस तरी चालेल, विसरलेलं चालणार नाही.

ही चूक फक्त तुझी नाही, आपल्या विषयानेच ती मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे. 1908 मध्ये विल्यम मॅकडूगल यांनी माणसाचं वागणं सहजप्रवृत्तींनी समजावायला घेतलं. माणूस भांडतो कारण त्याच्यात भांडणाची सहजप्रवृत्ती आहे; साठवतो कारण साठवण्याची आहे. त्यांची स्वतःची यादी आटोपशीर होती, पण इतरांनी हात सैल सोडला. 1924 मध्ये एल. एल. बर्नार्ड यांनी तोवरच्या लेखनातल्या सहजप्रवृत्ती मोजल्या तेव्हा आकडा हजारांत गेला. प्रत्येक वागण्याला एक सहजप्रवृत्ती! जन्मजात असं काही नसतंच, म्हणून हा सिद्धांत मागे पडला असं परीक्षेत लिहू नकोस. यादी वाढत गेली आणि उलगडा एकाही गोष्टीचा झाला नाही, म्हणून तो मागे पडला.

आता क्लार्क हल यांच्याकडे बघ. 1943 मधली त्यांची प्रेरक-शमनाची मांडणी (शरीरात कमतरता झाली की अस्वस्थता येते आणि ती शमवण्यासाठी प्राणी वागतो) आज कुणी जशीच्या तशी मानत नाही, पण तिची रीत शिकण्यासारखी आहे. उंदराला किती तास उपाशी ठेवलं ते घड्याळावर मोजायचं आणि तो किती वेगाने धावतो ते वेगळं मोजायचं. कारण एकीकडे, परिणाम दुसरीकडे, दोघांचं माप स्वतंत्र. म्हणूनच ही मांडणी चुकीची ठरू शकली. 1950 च्या सुमारास हॅरी हार्लो यांच्या माकडांनी खाऊचं आमिष नसताना कड्या-खिट्ट्यांची कोडी सोडवली. त्याच सुमारास शेफिल्ड आणि रॉबी यांचे उंदीर सॅकरिनच्या गोडीसाठी काम करत राहिले. सॅकरिनमध्ये पोषण शून्य, म्हणजे शरीराची कुठलीच कमतरता त्याने भरत नव्हती, तरीही. जो सिद्धांत चुकू शकतो तोच काहीतरी सांगत असतो. तुझं "प्रेरणा नाही" हे वाक्य कधीच चुकू शकत नाही, आणि तेच त्याचं दुखणं आहे.

मॅस्लो यांच्याबद्दल थोडक्यात. गरजांच्या ज्या त्रिकोणावर तू रंगीत पेनांनी एवढी मेहनत घेतलीस, तो त्यांनी स्वतः काढलेला नाही. 1943 च्या लेखात गरजांची उतरंड आहे, पण खालची पायरी शंभर टक्के भरल्याशिवाय वरची दिसतच नाही असं तिथे म्हटलेलं नाही. उलट उदाहरणादाखल आकडे दिले आहेत: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा 85 टक्के, सुरक्षिततेची 70, प्रेमाची 50, आत्मसन्मानाची 40 आणि आत्मसिद्धीची 10 टक्के भागलेली असावी. हे आकडे मोजलेले नाहीत, कल्पून लिहिलेले आहेत आणि तसं त्यांनी सांगितलंही आहे. उत्तरात ते "अंदाजाने दिलेले" असं म्हणूनच लिही.

बाह्य बक्षिसांवरचा 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग मात्र नीट वाच, कारण त्यातून तुला स्वतःसाठी काही मिळेल. बालवाडीतली मुलं, तीही ज्यांना मार्कर पेनांनी चित्रं काढायला आधीच आवडत होतं अशीच निवडलेली. एका गटाला सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता शेवटी दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळी पेनं ठेवली तेव्हा पहिल्या गटातल्या मुलांनी चित्रांवर इतर दोन्ही गटांच्या जवळपास निम्माच वेळ घालवला. विद्यार्थी यावर लिहितात, "बक्षिसामुळे प्रेरणा मरते." चूक. न सांगता दिलेल्या बक्षिसाने काही बिघडलं नाही, आणि मुळात आवडच नसलेल्या कामाबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. अट, काम आणि आधीची आवड हे तीन तपशील गाळले की प्रयोगाचं सुभाषित होतं. माझे गुण कंजूष असतात अशी तक्रार माझ्या कानावर येत असते. असतात. सुभाषितांना मी गुण देत नाही आणि पुढेही देणार नाही.

आता तुझा अभ्यास. "प्रेरणा" हा शब्द चौदा दिवस बाजूला ठेव. साध्या वहीत सहा रकाने आख: वेळ, जागा, नेमकं काम, त्याआधीच्या दहा मिनिटांत काय झालं, मी काय केलं, लगेच काय मिळालं. दिवसाला तीन नोंदी पुरेत, पण बसलीस त्या वेळचीही नोंद हवी. लोक फक्त न बसल्याच्या नोंदी करतात आणि मग तुलनेला काही उरत नाही. "नेमकं काम" या रकान्यात "मानसशास्त्र" लिहिलंस तर ती नोंद वाया गेली. "भावनांचे तीन सिद्धांत वाचून प्रत्येकी चार ओळी लिहिणे" असं लिही. आणि "लगेच काय मिळालं" हा रकाना प्रामाणिकपणे भर. पुस्तक मिटल्यावर छातीवरचं दडपण उतरलं असेल तर तसं लिही. टाळण्यातून लगेच सुटका मिळते आणि सुटकेमुळेच टाळणं पक्कं होत जातं. त्याला ऋण प्रबलन म्हणतात, शिक्षा नव्हे. या दोहोंत गोंधळ करणाऱ्यांत तूही आहेस, तुझ्या टिपणात दिसलं.

चौदा दिवसांनी वही काय सांगेल हे मी आज सांगू शकत नाही. पण बहुधा दिसेल की कामाचा पहिला टप्पा ठरलेला नव्हता तेव्हा तू बसली नाहीस आणि ठरलेला होता तेव्हा बसलीस. तसं निघालं तर उपाय सोपा आहे: "जर-तर" पद्धतीचा बेत. पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलं आहे. 1997 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना सुटीत एक अहवाल 48 तासांच्या आत लिहायचा होता. कधी आणि कुठे लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं त्यांतल्या सुमारे 70 टक्क्यांनी तो वेळेत लिहिला, बाकीच्यांतल्या सुमारे 30 टक्क्यांनी. बेत असा लिहायचा: "संध्याकाळी चहाचा कप ठेवला की त्याच खुर्चीवर बसून मी प्रकरणाचा पहिला उतारा मोठ्याने वाचणार." "जर" मध्ये डोळ्यांना दिसेल अशी खूण हवी आणि "तर" मध्ये पाच मिनिटांत सुरू होईल अशी कृती. "वेळ मिळाला तर मन लावून अभ्यास करेन" हा बेत नाही. यात खूणही नाही आणि कृतीही नाही. एका वेळी एकच बेत. पाच बेत एकदम केलेस तर पाचही कोलमडतील आणि तू पुन्हा लिहिशील की माझ्यात चिकाटी नाही. चिकाटी हेही नावच.

भावनांचं प्रकरण तुला सगळ्यात जड गेलं, कारण तू सिद्धांत पाठ केलेस आणि ते एकमेकांशी कशावरून भांडतात हे पाहिलंच नाहीस. तोंडी परीक्षा घे. दार उघडलं, परीक्षक दिसले, छाती धडधडली, भीती वाटली. विल्यम जेम्स 1884 मध्ये आणि कार्ल लांगे 1885 मध्ये म्हणाले: शरीरातला बदल आधी, आणि त्या बदलाची जाणीव हीच भीती. वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये यावर हल्ला चढवला. त्यांचे आक्षेप नीट लिहून काढ, गुण तिथेच आहेत: आतल्या अवयवांतले बदल मंद असतात, भावना त्याआधीच जाणवते, तेच बदल राग, भीती, इतकंच काय तापातही दिसतात, अवयवांचा मेंदूशी संबंध तोडला तरी प्राण्यांत भावनिक वर्तन दिसतं, अवयवांना संवेदना कमी असते, आणि अॅड्रेनलिन टोचून शरीरात तसेच बदल घडवले तरी खरी भावना येत नाही, फार तर "भीती वाटल्यासारखं" वाटतं. कॅनन आणि बार्ड यांच्या मते मेंदूतून दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुटतात, शरीराचा क्षोभ आणि भावनेचा अनुभव.

शॅक्टर आणि सिंगर यांनी 1962 मध्ये दोन्हींची सांगड घातली: शरीराचा क्षोभ आणि त्याला परिस्थितीवरून लावलेला अर्थ. सहभागींना सांगितलं की दृष्टीवर परिणाम करणारं जीवनसत्त्व टोचतो आहोत. प्रत्यक्षात काहींना अॅड्रेनलिन दिलं, काहींना मीठ-पाणी. अॅड्रेनलिनवाल्यांपैकी काहींना धडधड होईल असं खरं सांगितलं, काहींना काहीच सांगितलं नाही, काहींना खोटं सांगितलं. मग खोलीत प्रयोगकर्त्यांचाच माणूस, कधी हुंदडणारा, कधी चिडलेला. अपेक्षा अशी की ज्यांना धडधडीचं कारण माहीत नाही ते त्या माणसाच्या भावनेत ओढले जातील. पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात आणि मला त्याची खंत वाटते. निष्कर्ष अपेक्षेइतके स्वच्छ नव्हते. मीठ-पाण्याचा गट मधेच कुठेतरी पडला, आणि कारण माहीत नसलेल्या गटाहून तो ठळकपणे वेगळा निघाला नाही. 1979 मध्ये मार्शल आणि झिंबार्डो यांनी, तसंच मॅस्लॅक यांनी स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांत कारण न कळलेली धडधड कुठल्याही भावनेत वळवता येते असं दिसलं नाही. ती बहुधा अप्रिय वाटण्याकडेच झुकली. एवढी दोन वाक्यं उत्तरात घातलीस तर परीक्षकाला कळेल की तू वाचलं आहेस.

इथे तू मला अडवू शकतेस. "नाव म्हणजे कारण नव्हे म्हणता, मग भावनेला नाव दिल्याने ती निवते असंही तुम्हीच शिकवता." बरोबर, आणि हा आक्षेप मला आवडतो. 2007 मध्ये लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागाची, प्रतिक्रिया कमी होते. तेव्हा दडपणाच्या क्षणी "ही भीती आहे" असं म्हणायला माझी काहीच हरकत नाही, जरूर म्हण. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. "ही भीती आहे" हे वर्णन झालं, त्यात क्षण पकडलेला आहे. "मी भित्री आहे" म्हटलंस की चौकशीच बंद.

तोंडी परीक्षेत करायच्या गोष्टी दोनच. चेहरा कोरा ठेवून भीती दाबू नकोस. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्यांची अप्रिय भावना कमी झाली नाही, शरीराचा क्षोभ उलट वाढला, आणि त्या वेळात सांगितलेली माहितीही त्यांना कमी आठवली. तुझं "सगळं येत होतं, ऐन वेळी गेलं" हे यात बसतं का ते तूच तपास. दुसरं, धडधडीचा अर्थ बदलायचा तर दारात नव्हे, आदल्या आठवड्यात बदल. कुणाला तरी समोर बसवून, उभी राहून, घड्याळ लावून पाच मिनिटांची तोंडी परीक्षा चार वेळा दे. मनात घोकलेली उत्तरं या कामाची नाहीत, आवाज फुटला पाहिजे.

आता ताण. हान्स सेल्ये यांचं 1936 मधलं नेचर नियतकालिकातलं पत्र अगदी छोटं आहे. थंडी, जखम, अतिश्रम, औषधाची जीवघेणी नव्हे पण मोठी मात्रा, उंदरांना काहीही दिलं तरी तेच तीन बदल: मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी मोठी, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आकसलेली, जठरात व्रण. त्यातून धोक्याची सूचना, प्रतिकार आणि थकवा हे तीन टप्पे आले. तू एवढं लिहून थांबलीस. पुढचा आक्षेप लिही: जॉन मेसन यांनी माकडांच्या उपासावर काम केलं. खाणं बंद केल्यावर ताणाचं संप्रेरक वाढलं, पण इतर माकडांना खाणं मिळताना दिसू दिलं नाही आणि पोषणमूल्य नसलेल्या गोळ्या दिल्या, तेव्हा उपास असूनही ती वाढ दिसली नाही. म्हणजे "उपास" या एका नावाखाली दोन गोष्टी दडल्या होत्या, रिकामं पोट आणि वंचित राहिल्याचा त्रास.

शरीराचे दोन मार्ग वेगळे ठेव. पहिला जलद: अनुकंपी, म्हणजे धोक्यात शरीराला सज्ज करणाऱ्या, मज्जासंस्थेतून अधिवृक्क ग्रंथीच्या आतल्या भागाकडे, तिथून अॅड्रेनलिन, काम सेकंदांचं. दुसरा संथ: मेंदूतला हायपोथॅलॅमस, मग पीयूषिका ग्रंथी, मग अधिवृक्क ग्रंथीचा बाहेरचा भाग, तिथून कॉर्टिसॉल, रक्तात किंवा लाळेत त्याचा उच्चांक ताणाच्या प्रसंगानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी. निम्मे विद्यार्थी आतला आणि बाहेरचा भाग उलटसुलट करतात. आणि कॉर्टिसॉलला "ताणाचं विष" म्हणू नकोस. रोज सकाळी जाग आल्यावर ते सगळ्यांच्याच शरीरात वाढतं.

होम्स आणि राहे यांची 1967 ची मोजपट्टी बघ. 43 घटना, प्रत्येकीला गुण: जोडीदाराचा मृत्यू 100, घटस्फोट 73, लग्न 50, कायद्याचं किरकोळ उल्लंघन 11. बेरीज जास्त तर आजाराची शक्यता जास्त. तू आपली बेरीज केलीस आणि घाबरलीस. त्याच यादीत झोपेच्या सवयीत बदल 16, खाण्याच्या सवयीत बदल 15 आणि स्वतःची दुखापत किंवा आजार 53 गुणांना आहे. अगं, झोप बिघडणं हे आजाराचं लक्षणही असतं ना? मग आजारानेच आजाराचं भाकीत केलं. पुन्हा तेच गोल फिरणं, या वेळी आकड्यांचे कपडे घालून. शिवाय लग्न आणि घटस्फोट एकाच बेरजेत घालायचे तर तो बदल त्या माणसाला हवा होता की नको, हे विचारायची सोयच नाही.

रिचर्ड लॅझरस यांनी नेमकं हेच विचारलं. 1960 च्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत एकच अस्वस्थ करणारी फिल्म वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवली. क्रूरता ठसवणारं निवेदन असलं तर प्रेक्षकांच्या त्वचेची विद्युतवाहकता वाढली. तटस्थ, अभ्यासकी निवेदन असलं तर कमी राहिली. चित्र तेच. पुढे फोकमन यांच्याबरोबर 1984 मध्ये त्यांनी दोन मूल्यमापनं मांडली: यात माझं काय पणाला लागलं आहे, आणि माझ्या हातात काय आहे? पहिलं आणि दुसरं ही क्रमवारी वेळेची नाही, दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हे दोन प्रश्न कागदावर लिही आणि दुसऱ्याच्या खाली दोन रकाने कर: बदलता येणारं आणि न येणारं. पहिल्या रकान्यावर काम करायचं, दुसऱ्यावर मन सावरायचं. लोक नेमकं उलट करतात: प्रश्नपत्रिका कशी येईल यावर रात्रभर काम करतात आणि न वाचलेल्या प्रकरणावर मन सावरत बसतात.

थोडा ताण चांगला असतो हे सांगताना तू येर्क्स आणि डॉडसन यांचा, मध्यम ताणाला कामगिरी सर्वात उंच दाखवणारा, वक्र काढलास. 1908 चा तो प्रयोग उंदरांवरचा होता, विजेच्या धक्क्यांचा, दोन खोक्यांच्या उजेडातला फरक ओळखायला शिकण्याचा. फरक सोपा होता तेव्हा धक्का जितका जोरदार तितकं शिकणं जलद. फरक अवघड होता तेव्हा मध्यम धक्का बरा. माणसाचा ताण त्यात मोजलेला नव्हता. वक्र काढ, पण आडव्या अक्षावर काय होतं ते लिहून.

शेवटी व्यक्तिमत्त्व, म्हणजे तुझी ती चार अक्षरं. इथे मी मवाळ होणार नाही. समज, एका चांगल्या चाचणीत अंतर्मुखता-बहिर्मुखतेची सरासरी 50 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचं माप) 10 आहे, विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे, 1 म्हणजे पूर्ण) 0.84 आहे. मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात, ती काढ: 1 वजा 0.84 म्हणजे 0.16, त्याचं वर्गमूळ 0.4, गुणिले 10, म्हणजे 4. तुला 48 मिळाले तर तुझे खरे गुण 44 ते 52 च्या दरम्यान असण्याची खात्री साधारण तीनात दोन एवढीच. आता 50 वर कुऱ्हाड चालवून "खालचे अंतर्मुख, वरचे बहिर्मुख" असं केलं तर तू आज एका गटात आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या. सर्वात जास्त माणसं मध्याजवळच असतात, म्हणून सर्वात जास्त माणसांचा गट डळमळीत. चार अक्षरांतलं प्रत्येक अक्षर असंच कापून आलेलं आहे. पण वर्णन हुबेहूब जुळलं म्हणतेस? बर्ट्रम फोरर यांनी 1949 मध्ये 39 विद्यार्थ्यांना "तुझं खास विश्लेषण" म्हणून सगळ्यांना एकच मजकूर दिला, भविष्याच्या पुस्तकातून उचललेली वाक्यं त्यात होती. अचूकतेला सरासरी 5 पैकी 4.26 गुण मिळाले.

म्हणजे गुणविशेष खोटे का? नाहीत. 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी दाखवलं की गुणविशेषाची चाचणी आणि एखाद्या प्रसंगातलं वागणं यांचा सहसंबंध (0 म्हणजे नातंच नाही, 1 म्हणजे पूर्ण नातं) बहुधा 0.30 च्या आसपास अडकतो. वर्ग केला तर 0.09, म्हणजे वागण्यातल्या फरकांचा नऊ टक्के हिस्सा. यावर सीमोर एप्स्टाइन यांचं 1979 मधलं उत्तरही तितकंच महत्त्वाचं: एकाच प्रसंगाऐवजी बऱ्याच दिवसांच्या वागण्याची सरासरी घेतली की स्थैर्य स्पष्ट दिसतं. दोघंही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. बहिर्मुखता म्हणजे तुझ्या शेकडो प्रसंगांचा सारांश. क्रिकेटपटूची फलंदाजीची सरासरी असते तसा. सरासरी 22 आहे म्हणून तो आज बाद झाला असं कुणी म्हणत नाही, कारण ती सरासरीच त्याच्या बाद होण्यांतून निघालेली आहे. "अंतर्मुख आहे म्हणून तोंडी परीक्षेत गप्प" यात तू तेच केलंस.

मिशेल, शोडा आणि राइट यांनी 1994 मध्ये उन्हाळी शिबिरातल्या मुलांची निरीक्षणं मांडली. मारामारीचं एकूण प्रमाण सारखं असलेल्या दोन मुलांपैकी एक बरोबरीच्यांनी डिवचल्यावर भडकतो, दुसरा मोठ्यांनी दटावल्यावर, आणि हा नमुना टिकून राहतो. तुझ्यासाठी प्रश्न असा: कुणासमोर गप्प होतेस? अनोळखी परीक्षकासमोर की ओळखीच्याही? उत्तर येत असताना की अर्धवट येत असताना? एकटी असताना की वर्गमित्रांच्या देखत? वहीत सातवा रकाना घाल: समोर कोण होतं.

फ्रीडमन आणि रोझेनमन यांच्या "अ प्रकारच्या" व्यक्तिमत्त्वाची गत लक्षात ठेव. तीन हजारांहून जास्त पुरुषांच्या साडेआठ वर्षांच्या पाहणीत या प्रकारच्या लोकांत हृदयविकार जवळपास दुप्पट निघाला. नंतरच्या अभ्यासांत संबंध विरत गेला आणि घाई, स्पर्धा, वैरभाव असे तुकडे वेगळे करून पाहिले तेव्हा त्यातल्या त्यात वैरभावच टिकला. एका नावाखाली तीन गोष्टी बांधल्या की कुठली काय करते ते कळत नाही. आणि व्यक्तिमत्त्वाची आनुवंशिकता 40 ते 50 टक्के हे वाचून "माझा निम्मा स्वभाव आईवडिलांचा" असं लिहू नकोस. तो आकडा लोकसमूहातल्या फरकांबद्दल आहे, एका माणसाच्या फोडी करण्याबद्दल नाही. सरासरीने पाहिलं तर काटेकोरपणा वयाबरोबर वाढतो हेही दीर्घकालीन अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा या वयातल्या मोजमापावरून जन्माचा निकाल लावायची घाई तुला कशाला?

विषय घ्यावा का, याचं उत्तर माझ्याकडे मागू नकोस, चार अक्षरांकडे तर अजिबात नको. वही भर, मग एक प्रकरण घेऊन प्रत्येक संकल्पनेखाली तीन ओळी लिही: हे कशावरून मोजलं, कशाशी तुलना केली, काय दिसलं असतं तर हे चुकीचं ठरलं असतं. एका प्रकरणात अशा वीसेक संकल्पना असतात. हे करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही तर विषय घे. प्रत्येक ओळ ढकलावी लागली तर दुसरा विषय बघ, त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट वहीच्या बाहेरची. झोप किंवा भूक सलग दोन आठवडे बिघडलेली असेल, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नसेल, किंवा जगणं नको असं मनात येत असेल, तर रकाने आखत बसू नकोस. घरच्या मोठ्यांना सांग आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेट. जगणं नको असं वाटत असेल तर दोन आठवडे मोजायचेही नाहीत, त्याच दिवशी. तिथे तपासणीनंतर एखादं नाव मिळालं तर ते उपचार ठरवायला उपयोगी पडतं. ते घे, आणि कशामुळे बळावतं, कशाने उतरतं हे त्यांनाही विचारत राहा.

पहिल्या सात दिवसांच्या नोंदी झाल्या की वहीच्या पानांचे फोटो पाठव. कोरी राहिलेली पानंही पाठव, तीही नोंदच असते. "स्वभाव" हा शब्द जिथे दिसेल तिथे मी लाल रेघ मारून परत पाठवणार आहे.

तुझी,
बाई